मॅडमच्या आईची बाग

आबा, आज दुपारी इंग्लंडातल्या एका जुन्या बागेत मी तासभर नुसती उभी होते. ऑक्टोबर संपत आलाय. मेपलचं एक झाड अख्खंच्या अख्खं लाल झालं होतं, कुंकवाचा पुडा सांडावा तसं. त्याच्या पायाशी जांभळे अॅस्टर, ताटलीएवढे डेलिया, आपल्या शेवंतीच्या जातीची तांबूस फुलं. बाकीची बाग आवरायला निघालेली, आणि ही मंडळी आत्ता कुठे फुलायला बसलेली. थंडीनं जड झालेल्या मधमाश्या फुलांवरून उठतच नव्हत्या. माझ्या तोंडून "अगं बाई" एवढंच निघालं. आणि लगेच तुम्ही आठवलात, मॅडमच्या सोफ्याच्या अगदी कडेला टेकलेले.

नव्वदच्या दशकातला बहारीन. तुम्ही बागा लावणाऱ्या कंपनीत फोरमन, तिथल्या रिफा भागातले बरेचसे व्हिला तुमच्याकडे. कामापुरतं इंग्रजी तुम्हाला येत होतं, पण त्यातल्याच एका व्हिलातल्या इंग्रज मॅडमनी शुक्रवारी चहाला बोलावलं तेव्हा तुम्ही मला बरोबर घेतलंत. मी तुमची लेक, बारा वर्षांची, इंग्लिश शाळेतली, अतिशहाणी. मॅडम आपल्या आईच्या इंग्लंडातल्या बागेचा फोटो तुमच्या हातात देतात, झाडं सगळी लालतांबडी. तुम्ही चष्मा लावता, आणि तुमचा चेहराच उतरतो. "खारं लागलंय गं ह्येला," तुम्ही हळूच मला म्हणता. "पानं बघ कशी करपत चाललीत. मॅडमना सांग, दोन दिवस गोडं पाणी सोडून मुळं धुऊन काढा म्हणावं. अजून वाचंल." बहारीनच्या खाऱ्या पाण्यात पान हिरवं राहिलं नाही की झाड हातचं गेलं, हे तुमचं इतक्या वर्षांचं शिक्षण. मी मात्र शाळेच्या पुस्तकात 'ऑटम' वाचलेला, तिकडे गळण्याआधी पानं अशीच लाल होतात ते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी इंग्रजीत म्हणाले, "आबा म्हणतात, फार सुंदर बाग आहे." मॅडमचे डोळे भरून आले. त्यांनी फोटो तुम्हालाच देऊन टाकला.

पिकअपमध्ये बसल्या बसल्या तुम्ही विचारलंत, "काय म्हणाल्या?" मी ठोकून दिलं, "आईला कळवते म्हणाल्या." मग दर आठवड्याला तोच प्रश्न. गुदैबियातल्या आपल्या खोलीत तो फोटो कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला. सकाळी शर्ट काढताना तुम्ही त्याच्याकडे बघून चुकचुकायचात, "म्हातारी एकटी काय करणार?" शेवटी वैतागून मी एकदा सांगून टाकलं की बाग वाचली, गोड्या पाण्यानं पुन्हा हिरवी झाली. हातातला घास तसाच धरून तुम्ही हसलात. "बघ, म्हटलं नव्हतं?" दुसऱ्या दिवशी खालच्या मल्याळी दुकानदाराला तुम्ही सगळी हकिगत ऐकवलीत. "मैंने इधर से बोला, उधर पूरा बाग बच गया. खलास!" तो मान डोलावत होता, आणि मी बाजूला फणफणत उभी.

तुम्हाला जाऊनही आता बरीच वर्षं झाली. आज त्या मेपलजवळ एक म्हातारा माळी पानं गोळा करत होता. मी विचारलं, किती वर्षांचं झाड? तो म्हणाला, माझ्या आजोबांच्याही आधीचं, दर वर्षी असंच पेटतं आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी पुन्हा पालवतं. मी खोडाला हात लावून पाहिला. गार, घट्ट, ठणठणीत. वर बघितलं तर ऊनसुद्धा लाल होऊन खाली येत होतं. मला रडूच आलं.

हे पत्र मी कुठे टाकणार नाही. खोटं बोलले, त्याचं मला फारसं वाटत नाही. तुमची लाज वाटली, त्याला आता इलाज नाही. पण झाड धडधाकट असतं आणि तरीही आपणहून असं लाल होऊन अंगावरचं सगळं पान टाकून देतं, हे कळलं असतं तर तुम्ही हातातला कप ठेवून उठलाच असता. मॅडमना शंभर प्रश्न विचारायला लावले असतेत मला. रात्रभर झोपला नसता. आबा, मला हे तेव्हाच माहीत होतं, आणि मी तुम्हाला सांगितलं नाही.