कापलेली सुरुवात

१६ फेब्रु., रवि.
रमेशभाऊंच्या वैशालीचं लग्न आटोपून धुळ्याहून परत. अंग मोडून आलंय, तरी लिहितो.
सकाळी असोद्याहून वऱ्हाड निघालं. मी नवरीच्या गाडीत पुढे, कॅमेरा चालू. हायवेच्या एका फाट्यावर पोलिसांनी गाड्या अडवलेल्या. आमच्या शेजारीच केळीची पिकअप. तिच्या ड्रायव्हरला जमादाराने खाली ओढलं आणि काठीने बडवायला लागला. तो बिचारा हात जोडून उभा. मी उतरलो. कॅमेरा वैशालीवर होता, तो तसाच तिकडे फिरवला. एक शिपाई ओरडला, "ए शूटिंगवाले, बंद कर." बंद केला साहेब, म्हटलं. पाहुणे बुजतात म्हणून रेकॉर्डिंगच्या लाल दिव्यावर आम्ही काळी टेप लावतो, त्यामुळे चालूच आहे हे त्याला कळलं नाही.
मंगलाष्टकांचं शूटिंग हललंय. 

१७ फेब्रु., सोम.
पेपरात बातमी: पोलिसावर हात उचलणाऱ्या चालकाला अटक. गोकुळ नाव, धुळ्याकडचा. हात उचलला म्हणे. त्याचे हात जोडलेले होते, मी पाहिलंय, माझ्याकडे आहे.
दुपारी रमेशभाऊंकडे डिस्क द्यायला गेलो. आमच्या धंद्याचा शिरस्ता, कॅमेऱ्याच्या कार्डावरचं सगळं जसंच्या तसं गिऱ्हाइकाच्या डिस्कवर ओतून द्यायचं, अल्बम सावकाश. फाट्याचं सांगितलं. म्हणाले, "कोनाले दाखवायचं तं दाखव. पन माही पोर त्यात दिसाले नको. नवे सोयरे हायेत." खरंच आहे त्यांचं. शब्द दिला.
घरी येऊन सुरुवातीचा वैशालीचा भाग कापला. हललेलं सरळ केलं. सवयीने कोपऱ्यात स्टुडिओचं नावही पडलं. गावच्या ग्रुपवर टाकून दिलं. मूळ क्लिप कॉम्प्युटरवरून पुसली, दिलेला शब्द म्हणून. उद्या बोदवडला हळद आहे, म्हणून कार्डही कोरं केलं.

२० फेब्रु., गुरु.
क्लिप कुठल्या कुठे गेली. बोदवडचे पाहुणे हळद सोडून मलाच बघत होते. मनातून जरा फुगलो होतो, खोटं कशाला बोलू.
आज चौकीतून बोलावणं. चहा पाजला. फाट्यावरचा तोच जमादार गोड बोलला. पोलिसांचं शूटिंग करायची परवानगी कोणी दिली तुला, एवढंच पुन्हा पुन्हा.  कॅमेरा ठेवून घेतला. पावती मागितली तर सगळे हसले.
सौ. म्हणाली, "तुमाले काय पडलं होतं? आपून आपलं लग्नाचं पाहावं." ती जेवली नाही, मीही नाही. भीती वाटतेय.

२५ फेब्रु., मंगळ.
जळगावला वकीलसाहेबांकडे. गोकुळचं काम तेच बघतात. म्हणाले, रस्त्यावर उभं राहून ड्यूटीवरच्या पोलिसाचं शूटिंग करायला कायद्याने मनाई नाही, त्यांच्या कामात आडवं गेलं नाही म्हणजे झालं. पोलीस ठाणंसुद्धा निषिद्ध जागा नाही असं हायकोर्टाने सांगितलंय. ऐकून इतकं बरं वाटलं की जिन्यावरून उड्या मारत उतरावंसं वाटलं.
मग त्यांनी विचारलं, ओरिजिनल कुठंय?
सगळं सांगितलं. कापलं, सरळ केलं, नाव टाकलं, पुसलं, कार्ड कोरं केलं. ऐकता ऐकता त्यांनी चष्मा काढून ठेवला. म्हणाले, "मारहाणीच्या मधूनच चालू होतंय हे. सरकारी वकील म्हणणार, कापलेल्या भागात यानेच आधी हात टाकला. मी काय दाखवू?"
कापलेल्या भागात हळद लागलेली एक मुलगी खिडकीशी बसलीय आणि तिच्यामागून तो ड्रायव्हर खाली ओढला जातोय. बाकी काही नाही. पण हे आता मलाच माहीत. आयुष्यभर लोकांची सुरुवात-शेवट नीट करून दिली, ती सवय नडली.

१३ मार्च, गुरु.
आज होळी. गोकुळ जामिनावर सुटला, दुकानात आला. डावा हात गळ्यात बांधलेला. पिकअपच्या मालकाने दुसरा माणूस ठेवलाय. शिक्षा झाली तर पुन्हा कोणी गाडी हातात देणार नाही म्हणतो. माझ्यावर चिडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता बसला होता. उठताना म्हणाला, "मी हात नही लावा, भाऊ. तुम्ही देखं शे ना?"
देखं शे, पाहिलंय मी, म्हटलं. पाणी पिऊन गेला.
संध्याकाळी एकदम आठवलं. रमेशभाऊंची डिस्क. त्यावर सगळं कार्ड जसंच्या तसं आहे. पळत गेलो. डिस्क वैशालीबरोबर धुळ्याला गेलेली.

२३ मार्च, रवि.
धुळे. वैशालीचे सासरे सज्जन माणूस, कापडाचं दुकान. सरबत दिलं, माझ्या शूटिंगचं कौतुक केलं. डिस्कचं काढलं तसा त्यांनी ग्लास बाजूला ठेवला. मग म्हणाले, "सून घरात येऊन महिना झाला. तिचा हळदीचा चेहरा कोर्टात सगळ्यांनी पाहायचा? तुमच्या घरी चाललं असतं?" मी नाही म्हटलं. खरंच चाललं नसतं. पुन्हा डिस्क मागितली नाही.
वैशाली पाणी घेऊन आली. पदर डोक्यावर. पाहिलं माझ्याकडे आणि आत गेली. येताना बसमध्ये स्वतःचा फार राग आला.

१२ एप्रिल, शनि.
सीझन ऐन भरात आणि माझा कॅमेरा चौकीत. भुसावळच्या मित्राचा आणून काम चालवतोय, त्याची बटणं हाताला बसत नाहीत. तो परत मिळावा म्हणून केलेल्या माझ्या कॅमेऱ्याच्या अर्जावर तारखा चालू आहेत. वकीलसाहेबांनी पुन्हा विचारलं, डिस्क? नाही म्हटलं. ते म्हणाले, "मग दुसरा कुणी पाहणारा शोधा, कापणाऱ्याच्या एकट्याच्या शब्दावर कोर्ट विसंबणार नाही. गाडीत कोण होतं?"
कुणी नाही, असं सांगून फोन ठेवला.

३० एप्रिल, बुध. आखाजी
अक्षय्य तृतीयेच्या सणाला गावात सगळ्या लेकी माहेरी आल्यात. मारुतीच्या पारावरच्या निंबाला झोके बांधलेत, सकाळपासून पोरींची गाणी. सौ.ने सांजोऱ्या केल्या. मी झोक्यांचं शूटिंग करत होतो, दरवर्षी करतो, फुकट. तिथे वैशाली. झोक्यावरून उतरून थेट माझ्याकडे आली.
डिस्क कपाटात आहे, किल्ली सासऱ्यांकडे, असं तिने स्वतःच सांगितलं. मी म्हटलं, असू दे बाई, तू सणाला आलीस, खेळ.
ती जाईना. "ग्रुपवर पाह्यलं मी. तुम्ही कॅमेरा माह्यावरून तिकडं फिरवला होता. त्यात मी नही. मले कापलं का, दादा?"
तुझ्या भल्यासाठी, असं काहीतरी पुटपुटलो.
"मी काचेतून सगयं पाह्यलं. त्याले खाली ओढलं तव्हापासून. त्यानं हात जोडले होते." मग हळू आवाजात, "मले कोनी इचारलंच नही."
खरं आहे. तिच्या बापाने नाही, सासऱ्याने नाही. मीही नाही. तिचा चेहरा लपवायची एवढी काळजी केली आणि त्या चेहऱ्याला डोळे आहेत हे एकाच्याही ध्यानात आलं नाही.
"कोर्टात मी सांगतलं तं चालते का?"
चालतं, एवढं तरी म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, घरी विचार. तिने रमेशभाऊंच्या ओट्याकडे पाहिलं. ते तिथेच बसले होते, जावयाबरोबर. ती परत झोक्याकडे गेली. पण बसली नाही, दोरी धरून उभी राहिली.

१ मे, गुरु.
सोमवारी गोकुळच्या केसची तारीख. त्याचा फोन येऊन गेला, उचलला नाही.
वैशाली संध्याकाळच्या गाडीने सासरी जाणार. वकीलसाहेबांचा नंबर चिठ्ठीवर लिहून शर्टाच्या खिशात ठेवलाय. सकाळपासून दोनदा रमेशभाऊंच्या दारावरून गेलो. दुसऱ्या वेळी ती ओट्यावर एकटी होती. मी, ऊन फार आहे, म्हटलं आणि पुढे आलो.
गाडी सहाची आहे. आता चार वाजलेत. सौ. म्हणते, तो शर्ट धुवायला टाका. नको म्हटलंय.