तळ्याकडची खोली

मिलान, ६ जून १९७१

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं बोटीचं तिकीटघर कसं चाललंय? पर्यटक यायला लागले असतील, आणि तू प्रत्येकाला पुढची बोट किती वाजता हे सांगताना घड्याळाकडे बोट दाखवत असशील, मला डोळ्यांसमोर दिसतोस.

यंदाच्या उन्हाळ्याचा बेत पक्का झाला. खुर्चीत नीट बसून वाच, कारण कामं तुलाच सांगणार आहे. ऑगस्टमध्ये कोर्राडोचं ऑफिस बंद झालं की आम्ही देर्व्हिओला येतोय. यंदा बरोबर त्याचे साहेब पेद्रेत्ती आणि त्यांच्या बाईही आहेत. हॉटेलांना दोघं कंटाळलेत. जेवताना कोर्राडोने आपल्या तळ्याकाठच्या घराचं नाव काढलं मात्र, बाईंनी टाळ्याच वाजवल्या. सप्टेंबरमध्ये कोर्राडोच्या विभागाला नवा प्रमुख नेमायचा आहे आणि शब्द साहेबांचाच चालतो. बाकी तू समजून घे.

तर व्यवस्था अशी. समोरची, तळ्याकडची खोली साहेबांना. मधल्या खोलीत आम्ही, मुलं माळ्यावर. आई खाली होड्यांच्या खोलीत झोपेल, तिला ऑगस्टमध्ये तिथली सवयच आहे. अंगणातली वाळत घातलेली मासळी मात्र आम्ही यायच्या आधी काढ, बाईंचं नाक फार नाजूक आहे. आणि भिंतींना एक हात चुना मारून घेशील ना?

पिएरीनावहिनीला नमस्कार, आईला गोड पापा. लोभ आहेच, या वर्षी त्यात थोडी मेहनत मिसळ.

तुझी
आर्मिदा


देर्व्हिओ, ११ जून १९७१

चि. सौ. आर्मिदा हिस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, पोस्टमनने दुसऱ्या कुणाच्या बहिणीचं पत्र माझ्या दारात टाकलं.

आधी चुका दुरुस्त करतो. अंगणात ऑगस्टमध्ये मासळी वाळत नसते. आपला अगोनी मासा मे-जूनमध्ये वाळतो. ऑगस्टपर्यंत तो तमालपत्राच्या थरांत दाबून डब्यात बंद झालेला असतो. ज्या वासावर वाढलीस तो कुठल्या महिन्यातला, हेही मिलानच्या धुरात विसरलीस. माळ्यावर मुलं झोपवायची म्हणतेस. माळ्याची फळी खचली आहे, हे तुला नाताळातच कळवलं होतं. आणि चुना बाहेरून मारतात. तळ्याकडच्या खोलीला आतून चुना कधीच नव्हता, निळा रंग होता.

आता सवयीबद्दल. जूनअखेरचा सेंट पीटरचा सण झाला की आई गाद्या गुंडाळायची, आठवतं? आपले पलंग मिलानच्या वकिलाच्या कुटुंबाला, आणि आईबाबांसह आपण चौघं खाली, होड्यांशेजारी, डांबराच्या वासात. गावातली निम्मी घरं तेच करायची. आपणच म्हणायचो की उन्हाळा आला, आता उंदीर व्हायचं. वकिलीणबाईंच्या अंघोळीचं गरम पाणी जिन्यावरून तूच वर न्यायचीस आणि खाली येऊन रडायचीस. आजीनेही हेच केलं. आई याच घरात जन्मली, पण ऑगस्टच्या सकाळी त्या खिडकीपाशी जागी झाली असं तिच्या आयुष्यात एकदाही घडलेलं नाही. तू याला सवय म्हणतेस!

गेल्या हिवाळ्यात वकिलीणबाई वारल्या, ते तुला कळवलंच होतं. पोरं स्पेनला जातात म्हणे. खोली यंदा पहिल्यांदा रिकामी आहे, आणि या ऑगस्टला तिथे आई झोपणार, हे मी ठरवलं आहे. झडपांना जुना गडद हिरवा रंग दिला. दुकानात मिळतो तो पोपटी होता, म्हणून मीच मिसळला. खिडकीशी वेताची खुर्ची ठेवली आहे. दुपारी ब्रेव्हा वारा सुटला की ती तिथे बसून शिडं बघेल.

तुझ्या साहेबाला हॉटेल शोध. बेल्लानोत चांगली आहेत. नाकाला त्रास होणार नाही.

आशीर्वाद देतो, कारण पत्राच्या शेवटी द्यायचे असतात.

सेवेरीनो


मिलान, १७ जून १९७१

ती. दादास,
सा. न.

वि. वि. लिहीत नाही, कारण आता विनंती नाही.

मी एक साधी गोष्ट मागितली आणि तू मला मासळीचं पंचांग पाठवलंस. तुझं हे लहानपणापासूनचंच. कुणी रडत आलं तरी तू आधी त्याचं व्याकरण तपासतोस. ज्याच्याशी भांडायचं त्याच्या चुका काढल्या की आपण जिंकलो, असं तुला वाटतं. भाऊ आहेस की परीक्षक?

गरम पाण्याची आठवण काढलीस ते बरं केलंस. मी पाणी वाहत होते तेव्हा तू कुठे होतास? वकिलाच्या मुलांना होडीतून फिरवत होतास आणि त्यांच्या जुन्या पुस्तकांवर शहाणा होत होतास. ते शहाणपण आता माझ्यावरच चालवतोस. मी त्या जिन्यावरून एकदा पाहुणी म्हणून वर जायचं म्हटलं, तर तुला एवढ्या मिरच्या का झोंबाव्यात?

आईला ती खोली हवी आहे, हे तुला कुणी सांगितलं? तिला खालचं आवडतं. तिथे गारवा असतो, स्वयंपाकघर जवळ पडतं, गुडघ्यांना जिना नको. मी तिची मुलगी आहे, मला माहीत आहे. तू तिला खुर्चीत बसवणार, आणि गावभर सांगत फिरणार की बघा, आईला कसं राणीसारखं ठेवलंय.

साहेबांना शब्द गेला आहे. बाईंनी पोहण्याचा पोशाखसुद्धा घेतला. नवऱ्याची बढती तुझ्या वेताच्या खुर्चीपायी मी घालवणार नाही. आम्ही सात ऑगस्टला दुपारच्या गाडीने येतोय.

माझा लोभ आहे तेवढा आहे. वाढवायचा असेल तर खोली मोकळी ठेव.

आर्मिदा


देर्व्हिओ, ८ जुलै १९७१

आर्मिदा,

मायना लिहायला हात धजत नाही.

आज सकाळी तिकीटघरातला फोन वाजला. मिलानहून एक गृहस्थ, आवाज लोण्यासारखा. फिरायला भाड्याची मोटार घेतली तर ती इथल्या बोटीवर चढते का, म्हणून विचारलं. चढत नाही, मोटारीची बोट वारेन्नाहून सुटते, असं मी सांगितलं. मग म्हणाले की ऑगस्टमध्ये आमच्या कारकुनाच्या बायकोच्या घरी उतरणार आहोत, घर तुमच्या पाहण्यातलं असेलच. असेल, म्हटलं. तर पुढे विचारतात की घराबरोबर एक म्हातारी राखणदारीणही मिळते असं ऐकलंय, तर तिला मासा बिनकाट्याचा करता येतो का, आणि बाई स्वच्छ आहे ना.

डोक्यावर बोटकंपनीची टोपी होती म्हणून मी सभ्य राहिलो. चौकशी करून कळवतो, म्हटलं.

राखणदारीण! जिने आपल्याला तळघरात निजवलं आणि स्वतः दाराच्या फटीशी निजली, म्हणजे रात्री पाणी आत आलं तर आधी तिला लागावं, ती राखणदारीण. आणि भाऊ? तो तर मिलानमध्ये अस्तित्वातच नाही, नाहीतर त्या माणसाने मलाच हे विचारलं नसतं. आयत्या बिळावर नागोबा होऊन येतात, हे ऐकलं होतं. बीळ खोदणारीलाच बिळाची झाडूवाली ठरवणारा नागोबा मी पहिल्यांदा पाहिला.

समोरच्या खोलीला नवं कुलूप घातलं आहे. किल्ली माझ्या खिशात.

आणि हो, मी हे आईला सांगितलं. शब्दन् शब्द. तिलाही कळू दे, तू काय झाली आहेस. ती शेंगा सोलत होती. हात थांबला नाही. सगळ्या सोलून झाल्यावर म्हणाली, टरफलं कोंबड्यांना टाक.

आशीर्वाद या पत्रात नाहीत.

सेवेरीनो


मिलान, १२ जुलै १९७१

दादा,

तो शब्द कोर्राडोचा. जेवताना त्याच्या तोंडून निसटला. मी पाणी पीत होते. पेला खाली ठेवेपर्यंत बोलणं पुढे गेलं होतं, आणि मग मी तो पेला पुन्हा भरून घेतला. त्यानंतर मी रोज रात्री उठून पाणी पिते, पण ते तुला सांगून काय उपयोग, तू पेले मोजशील.

पण आईला का सांगितलंस? मिलानमध्ये बोललेला शब्द मिलानमध्येच मेला असता. तू तो देर्व्हिओला नेलास आणि तिच्या मांडीवर ठेवलास. आईसाठी नव्हे, माझ्यावर डाव साधायचा म्हणून. मी शब्द ऐकून घेतला, तू पोचवलास. कुणाचं पाप मोठं ते तुझ्या पुस्तकांत बघ.

आता माघार नाही, कोर्राडो ऐकत नाही. सात तारखेला येतोय. कुलूप असेल तर तो लोहार आणील.

आर्मिदा


बेल्लारिया, २ ऑगस्ट १९७१

चि. सेवेरीनो आणि चि. सौ. आर्मिदा,
दोघांना आशीर्वाद.

हे पत्र मी दोनदा लिहिलं आहे, एकेकाला एकेक. शब्द सारखेच आहेत, ताडून बघू नका.

सेवेरीनोला मी सांगितलं होतं की चर्चच्या बसने लोरेतोच्या यात्रेला जाते. बस लोरेतोलाच गेली. मी आणि शेजारची एर्सिलिया वाटेत उतरलो. देवमाता समजून घेईल, तिलाही पोर होतं. इथे समुद्र आहे. आवाज फार करतो, आपल्या तळ्यासारखा शहाणा नाही. लॉज लहान आहे. मी महिना संपेपर्यंत इथेच आहे. मला न्यायला कुणी यायचं नाही.

मी तुमच्यावर फार रागावले आहे. इतकं रागवायला मला पूर्वी कधी सवड मिळाली नव्हती.

जूनपासून तुम्ही माझ्या झोपेवर भांडताय, आर्मिदाची पत्रं मी वाचली आहेत. एक म्हणते, आई खाली. दुसरा म्हणतो, आई वर. एकीने मला नोकर केलं, दुसऱ्याने देव्हाऱ्यातली मूर्ती केलं. मला कुणी विचारलं? सेवेरीनो, तू रोज संध्याकाळी माझ्याकडे सूप पितोस. टेबल केवढं आहे? पलीकडून विचारता आलं असतं.

ती खोली मला नको आहे. कधीच नको होती. त्या खोलीत मी पाऊल टाकलं की माझे हात आपोआप चादरीकडे जातात. नंतर पलंगाखालच्या भांड्याकडे, नंतर आरशावरच्या डागांकडे. तळं कसं दिसतं तिथून, मला माहीत नाही. मी नेहमी पाठमोरी असायचे. तिथे निजले तर पहाटे उठून मी कुणासाठी तरी कॉफी टाकेन आणि मग कळेल की कुणीच नाही. म्हातारपणी मला हे भूत नको. हिरवा रंग चांगला आहे, सेवेरीनो. तुझ्या घराच्या झडपांना दे.

आर्मिदा, राखणदारीण म्हटल्याचा मला राग नाही. ते काम मी केलं आणि चोख केलं. तुला त्याची लाज वाटली, याचा राग आहे. तर आता असं. साहेबांना शब्द गेला आहे, तो पाळायचा. आपल्या घरून पाहुणा कधी परत गेला नाही. खोली त्यांना दे. पण राखणदारीण तू. चादरी, कॉफी, मासा, सगळं. मासा बिनकाट्याचा करता येतो, मी तुला शिकवलं होतं. आणि पहिल्याच जेवणाला त्यांना सांगायचं की हे माझ्या आईचं घर, ती सुट्टीवर गेली आहे. कोर्राडोच्या देखत सांगायचं. पाणी नंतर प्यायचं.

सेवेरीनो, कुलूप काढ. टोपी न घालता त्यांना स्टेशनवर आणायला जा आणि मी हिचा भाऊ म्हणून सांग. बोटीचं वेळापत्रक विचारलं तरच सांग.

इथे रोज सकाळी एक मुलगी खोली आवरायला येते. पहिल्या दिवशी तिच्या आधी उठून मीच पलंग आवरून टाकला, तर ती घाबरली, तिला वाटलं कुणी तिची तक्रार केली. दुसऱ्या दिवशी एर्सिलियाने माझे हात धरून ठेवले. आज मी एकटी खुर्चीत बसले आहे आणि हे लिहिते आहे. मुलगी आत्ता आली आहे. चादर झटकली, घातली, हाताने सारखी केली. डाव्या कोपऱ्याला सुरकुती राहिली आहे. मी काही बोलणार नाही.

तुमच्यावरचा लोभ गेला नाही, पण महिनाभर तो मागायला येऊ नका.

आई