बाबांची शुगर आणि चेप्पलेम

बाबा, तुम्ही गेलात तरी तुमच्या शुगरचा सोक्षमोक्ष अजून लागलेला नाही, आणि आता मी खरंच वैतागले आहे.

परवा माझीही शुगर वाढलेली निघाली. मी नर्स, कित्येक वर्षं रात्रपाळीवर. म्हणून आमच्या तेलुगू डॉक्टरांना सरळच विचारलं, रात्रीचं जागरण माझ्या वडिलांना भोवलं का, आणि आता मलाही भोवतंय का? ते म्हणाले, रात्री काम करणाऱ्यांत हा आजार जास्त दिसतो खरा, पण एका माणसाला तो जागण्यानं झाला, अवेळी खाण्यानं, की घराण्यातूनच आला, ते "चेप्पलेम, सिस्टर." म्हणजे सांगता येत नाही! एवढं शिकून सांगता येत नाही? त्यापेक्षा आई बरी, तिचं उत्तर तयार असतं: "चहात साखर किती घेत होते, इचार त्याईले."

तुम्ही तरी कुठे धड बोललात? गुडीहत्नूरच्या जिनिंग मिलमधून रात्रपाळी करून सकाळी यायचात, मिशीला कापूस चिकटलेला. मग खिडकीला बारदान लावून झोपायचात आणि अख्खं घर मुकं व्हायचं. आई कुकरची शिट्टीसुद्धा होऊ द्यायची नाही, चिमट्यानं उचलून हळूच वाफ सोडायची. एकदा माझ्या हातून ताट पडलं, तर भर दुपारी ओरडलात, "माही रात मोडली ना तुनं!" दिवेलागणीला अंगणात दात घासत बसायचात, शेजारीण हसायची. मी विचारायची, "बाबा, दिवसपाळी काऊन नाई मागत तुमी?"

"पाहू," एवढंच.

त्या 'पाहू'चा अर्थ आईनं तुमच्या मागं कधीतरी सांगितला. "भेटत होती दिवसपाळी. त्यायनंच नको म्हणलं. पोरीले सकाळी शाळेत कोण सोडन?" शाळा हायवेच्या पलीकडे, ट्रक सारखे. मला आठवतं, कामावरून येऊन तुम्ही सायकल तशीच वळवायचात. मी मागे बसून पाढे म्हणायची, आणि आवाज जरा खाली आला की तुम्ही खेकसायचात, "जोरानं!" मला वाटायचं, अभ्यास घेताय. तुम्हाला डुलकी लागत होती, बाबा!

आता ड्युटी संपवून मी लेकीला स्कूटीवर सोडते, तशीच पेंगत. दिवसपाळी मागावी की नाही, ठरत नाही. हे पत्र तुमच्यापर्यंत पोचत नाही तेच बरं, परत 'पाहू' म्हणाला असतात.

डॉक्टरांच्या नावानं मी दिवसभर चिडचिड केली. पण खरं सांगते, ते चेप्पलेम म्हणाले तेव्हा मला आधी हायसं वाटलं. जागरणानंच झालं म्हणाले असते, तर त्या सायकलवर मागे मीच बसले होते.