टगचं अपील

प्रिय रोवीना,

माझं अक्षर पाहून दचकू नकोस. कोणी गेलेलं नाही. फक्त तुझ्या आईला कोर्टाने दोषी ठरवलं आहे, कुत्रा मोकाट सोडल्याबद्दल. हसायचं तर हसून घे. मुरांबिलमधले सगळे पोट धरून हसलेच आहेत.

झालं असं, की मार्चमधल्या एका गुरुवारी दुपारी मी बोलिंग क्लबात चहाच्या टेबलामागे उभी होते. हिरवळीवर पांढऱ्या कपड्यांतली आमची म्हातारी फौज गोळे घरंगळवत खेळत होती. तेवढ्यात आपला टग रस्त्यावरून धापा टाकत आला आणि थेट कुंपण ओलांडून आत! केल्पी कुत्रा, जन्मच मेंढ्या वळवायला, त्यात मेंढ्या गेल्यापासून बसून कंटाळलेला. त्याने एका दमात त्या सगळ्यांना वळवून कोपऱ्यात दाबलं आणि शाबासकीसाठी माझ्याकडे बघत बसला. चावला कोणालाच नाही. मर्व्ह टली तेवढा पडला आणि त्याचा गुडघा खरचटला. मर्व्ह स्वतः म्हणतो, "लॉर्ना, इतक्या वर्षांत मला बायकांच्या घोळक्यात कोणी ढकललं नव्हतं. माझी काही तक्रार नाही." पण मेलबर्नहून आलेल्या कोणा पाहुणीने कौन्सिलला फोन केला. मागच्या वर्षीही टग एकदा रस्त्यावर सापडला होता, ते वहीत होतंच. आता माझ्यावरचा ठपका कायम राहिला, तर टगला घेऊन जाणार. कुठे नेतात ते तुला सांगायला नको. नऊ वर्षांचा कुत्रा कोण पाळायला घेतंय?

म्हणून मी अपील केलं. वकिलाशिवाय. जिल्ह्याच्या गावातला एकुलता एक वकील मृत्युपत्रं करतो, तो म्हणाला, "मिसेस पास्को, कुत्र्यासाठी? सोडून द्या हो." फुकट सल्ला देणारी मंडळी कुत्र्यांची कामं घेत नाहीत. कोर्टातली मुलगी गोड हसते आणि प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर देते, "मला कायदेशीर सल्ला देता येत नाही." कुठल्या खिडकीशी उभी राहू असं विचारलं, तरी तेच! माझं डोकं फिरलं. म्हटलं, "बाई, संडास कुठे आहे एवढं तरी सांगता येतं का?" ते मात्र सांगितलं.

पहिल्या वेळी मी हरले ते माझ्या तोंडामुळे, असं मर्व्हचं म्हणणं. क्लेमला मी साक्षीला नेलं होतं, टँकरवाल्या क्लेमला. त्या दिवशी तो आपल्या टाकीत पाणी भरायला आला होता. दोन खेपा होत्या, म्हणून मधल्या वेळात त्याने रस्त्याकडचं फाटक उघडंच ठेवलं. मी क्लेमला प्रश्न विचारायला उठले की मॅजिस्ट्रेट म्हणायचे, "मिसेस पास्को, हा प्रश्न नाही, भाषण आहे." अगं, प्रश्नाच्या आधी दोन वाक्यं बोलल्याशिवाय माणसाला प्रश्न कळणार कसा? मग त्यांनीच क्लेमला विचारलं, "फाटक उघडं दिसल्यावर येणाऱ्या-जाणाऱ्याने ते लावलं कसं नाही?" मागे बसलेला अख्खा गाव खो खो हसला. शहरातला माणूस बिचारा. फाटक जसं सापडलं तसंच सोडून जायचं, उघडं तर उघडं, हे इथे शेंबड्या पोरालाही कळतं. तुझ्या बाबांनी तुला चालता यायच्या आधी शिकवलं होतं.

पण फाटक उघडं असलं म्हणून काय झालं? टग साखळीला होता. सकाळी मीच बांधला होता. क्लेम पहिल्या खेपेला त्याच्या जवळही गेला नाही, टगने त्याला दात दाखवले होते. दुसऱ्या खेपेला आला तर साखळी जमिनीवर आणि कुत्रा गायब. साखळीची कडी तुटलेली नव्हती, हाताने काढलेली होती. मॅजिस्ट्रेट म्हणाले, याचा अर्थ तुम्ही बांधायला विसरलात. मी! तुझ्या बाबांच्या अंत्यविधीच्या दिवशीसुद्धा जिने कुत्रे बांधून मग टोपी घातली, ती विसरली म्हणे!

"मग तुमच्या मते कोणी सोडला?" असं त्यांनी विचारलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी गप्प बसले. मर्व्हला वाटलं मला चक्कर आली.

रो, त्या संध्याकाळी घरी आले तेव्हा टगचं पाण्याचं भांडं टाकीच्या सावलीत सरकवलेलं होतं. क्लेमला असलं सुचत नाही. आणि टग परक्याच्या हाताला कडी लागू देत नाही, गाडीमागे तर एकाच माणसाच्या धावतो. ती गाडी क्लबावरून पुढे गेली असणार आणि त्याला दिसेनाशी झाली असणार. मग समोर पांढरा कळप होताच.

मेंढ्या विकल्या म्हणून तू तीन वर्षं माझ्याशी बोलली नाहीस. विकल्या, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा विकीन. माझ्या पाठीला विचार. तुला ते पटलं नाही, नको पटू दे. पण इतक्या लांबून यायचं, कुत्र्याला मिठी मारायची आणि आईला न भेटता निघून जायचं, ही कुठली रीत? याचा राग मला त्या कौन्सिलपेक्षा जास्त आलाय, आणि तो अजून उतरलेला नाही.

मी तुझं नाव कुठेही घेतलेलं नाही, घेणारही नाही. अपिलात सगळं पहिल्यापासून ऐकतात, नवा साक्षीदार चालतो. सुनावणी नऊ जूनला, सकाळी दहाला, जिल्ह्याच्या कोर्टात. ये आणि कडी तू काढलीस एवढं सांग, म्हणजे टग वाचेल. माझ्याशी बोलायची सक्ती नाही, हवं तर क्लेमशेजारी बस. न्यायाधीश विचारतील ते त्यांना सांग. ते विचारणार नाहीत असं एकच मला विचारायचंय. त्या दुपारी तू थोडा वेळ तरी माझी वाट पाहिलीस का गं?

तुझीच,
आई