घरपोच बर्फ

प्रिय अहो,

काल तुम्हाला जाऊन वर्ष झालं, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. आज सकाळच्या गाडीनं मुलगा-सून पुण्याला गेले, अक्का आतल्या खोलीत झोपल्यात, आणि कालचं सगळं कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. एरवी मी स्वयंपाक करता करता बोलत असे आणि तुम्ही पेपरातून मान वर न करता 'हं, हं' म्हणायचात. आज तेवढंही नको. नुसतं ऐका.

तुमचे बर्फाचे कागद मी टाकलेले नाहीत, हे आधी सांगते.

खरं तर त्यांचं करायचं काय, हा घरात प्रश्नच होता. बर्फाच्या कारखान्यांची कुपनं, लग्नसराईतल्या लाद्यांच्या ऑर्डरी, रसवंत्यांच्या पावत्या, रंगीत जाहिराती. माझ्या साड्यांच्या कपाटाचा खालचा अख्खा खण तुम्ही व्यापून ठेवला होता. एकेक कागद माझ्याच इस्त्रीनं, वर मलमलचा रुमाल टाकून सपाट करत बसायचात. फ्रिज येऊन जमाना झाला, आता हे कोण बघणार, असं मी म्हटलं की तुम्ही हसायचात. उत्तर का नाही दिलंत कधी?

वर्ष जवळ आलं तसं मुलगा म्हणाला, "आई, पुस्तकं दान देऊ आणि जेवण ठेवू." चांगलंच होतं ते. पण मला वाटलं, तुम्ही कुठं आहात त्यात? मी म्हटलं, पुस्तकं देऊच, पण हॉलमध्ये दोऱ्या बांधून पप्पांचे कागद लावू. लोकांना बघू दे.

कागद काढले, तेव्हा मोहोळचं ते कॅलेंडर आठवलं. बर्फाच्या लादीवर बसलेलं पांढरं अस्वल, हातात सरबताचा पेला! किती वर्षं तुम्ही त्याच्यासाठी एसटीनं मोहोळला जात होता, आणि प्रत्येक वेळी रिकाम्या हातानं येऊन म्हणत होता, "म्हातारा देत नाही." मी येते म्हटलं तर, "तुझा दिवस मोडेल." मग या वेळी मी एकटीच गेले.

दुकान सापडायला वेळ लागला नाही. स्टँडमागं, कडुलिंबाच्या झाडाखाली, सरबताचं. तुमचा तो 'म्हातारा', दगडूमामा, म्हणजे हेच, हे बघताक्षणी कळलं. भिंतीवर अस्वल होतंच. मी कोण ते सांगितलं तर मामा एकदम खुलले.

"बसा की ताई. साहेब कुटं हायत? लई दिस झालं, फिरकलं न्हायत हिकडं."

त्यांना माहीतच नव्हतं हो. कोण सांगणार होतं? मी सांगितलं तेव्हा ते लिंबू पिळत होते. हात थांबला. सुरी, लिंबू बाजूला ठेवून ते माझ्यासमोर येऊन बसले.

"मला वाटलं, साहेब रागावलं," म्हणाले. "क्यालेंडर देत न्हाय म्हणून."

"ते कधी रागावले नाहीत," मी म्हटलं. "पण मामा, तुम्ही दिलं का नाही?"

"दिलं असतं, तर साहेब कशाला आलं असतं हितं?"

मामांची मुलं दुबईला आणि हैदराबादला. दुकानात येणारा माणूस सरबत पिऊन बस पकडतो. तुम्ही एकटेच असे, जे बसायचात, बर्फाच्या गोष्टी काढायचात, त्यांना बोलतं करायचात. तुम्हालाही हे कळलं होतं ना? कळलं असणारच. तरीच तुम्ही कधी पैसे वाढवून बोलला नाहीत की मुलाला मध्ये घातलं नाहीत. नुसते जात राहिलात.

आणि मग मामांनी तुमचं बिंग फोडलं. "साहेबांना लई आवडायचं माजं सरबत. दोन गिलास तर हमखास. साखर जरा जास्तीच घालायला लावायचं."

दोन ग्लास! साखर जास्त! मी जन्मभर सिव्हिलला सिस्टर म्हणून नोकरी केली, घरात तुमच्या बोटाला सुई टोचून साखर मोजत होते, आणि मोहोळहून आल्यावर ती का चढते म्हणून माझ्याच भाकरी-भाताचा हिशेब तपासत होते. तरी म्हटलं, माझा दिवस मोडायची एवढी काळजी कशी! दुकानात मी इतकी हसले की मामा घाबरले. मग डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा कुठं त्यांना हायसं वाटलं.

निघताना त्यांनी स्टुलावर चढून कॅलेंडर काढलं. "घिऊन जावा."

मी म्हटलं, "मी नाही नेणार. रविवारी तुम्हीच घेऊन या. आमच्याकडे जेवायला."

"म्या? सोलापुरात कोन वळकतंय मला?"

"मी ओळखते की."

घरी आले तर अक्का बार्शीहून येऊन बसलेल्या. तुमची मोठी बहीण, आवाज तसाच. माझा बेत ऐकून कपाळाला हात लावला. "कमल, भंतेजी येणार, चार पाहुणे येणार, आणि तू दोरीवर रद्दी वाळत घालणार? वर बर्फाचा गोळेवाला बोलावलायस म्हणे. लोक काय म्हणतील?"

गोळेवाला मी बोलावलाच होता. मी दोऱ्या मोजायला घेतल्या.

काल सकाळी वंदना झाली, भंतेजी छान बोलले. मग लोक हॉलभर पांगले आणि दोऱ्यांपाशी जाऊन थबकले. कुणाला आपल्या लग्नातलं कोकम सरबत आठवलं, कुणाला टायफॉइडमध्ये डोक्यावर ठेवलेली बर्फाची पिशवी. दगडूमामा कडक इस्त्रीचं धोतर नेसून, कॅलेंडर छातीशी धरून आले. बसमध्ये ते कुणाला हात लावू दिलं नाही म्हणाले. ते लावल्यावर पोरं अस्वलापुढून हलेनात. मामा खुर्चीत बसून सांगत होते, लादी भुशात कशी गुंडाळायची, गोणपाट ओलं का ठेवायचं, आणि माणसं त्यांच्याभोवती गोळा झाली होती.

अक्का मात्र लांब होत्या. जेवणाच्या आधी मी त्यांना शोधत गेले, तर खिडकीजवळच्या दोरीपाशी एकट्या उभ्या. समोर एक पिवळं पडलेलं हँडबिल. त्यावर मोठ्या अक्षरात छापलेलं होतं: 'शुद्ध बर्फ, घरपोच मिळेल.'

त्यांनी 'घरपोच' या शब्दावर बोट ठेवलं. म्हणाल्या, "कमल, हे घरपोच म्हणजे आमचा बाप."

मामंजी हातगाडीवर बर्फ ओढायचे हे मला माहीत होतं. पण अक्कांनी काल जे सांगितलं ते तुम्ही कधीच सांगितलं नव्हतं. गाडीवरच्या लाद्या खांद्यावरून घरोघरी पोचवून मामंजी घरी यायचे तेव्हा उजवा खांदा गारठून बधिर झालेला असायचा, आणि तुम्ही लहानपणी आपला गरम गाल त्या खांद्यावर ठेवून झोपायचात. अक्का हे सांगत होत्या आणि आजूबाजूची माणसं एकेक करून जवळ येत होती. मग त्यांनीच डोळे पुसले आणि विचारलं, "गोळेवाला कुठाय? मला काला खट्टा पाहिजे."

अहो, सत्तरी ओलांडलेल्या अक्का जिभेला जांभळा रंग लावून भंतेजींना निरोप देत होत्या! तुम्ही हवे होतात.

जेवणं झाल्यावर शुक्रवार पेठेतल्या एक तेलुगू बाई माझ्याजवळ आल्या. त्यांच्या सासऱ्यांचं सोड्याचं दुकान होतं. माळ्यावर एक ट्रंक आहे, आत कारखान्याची कुपनं असावीत, पण सासूबाई कुणाला उघडू देत नाहीत, म्हणाल्या. मी काही बोलायच्या आत अक्कांनी पत्ता विचारून घेतला. बार्शीला जाणं त्यांनी पुढं ढकललंय. बुधवारी आम्ही दोघी जाणार आहोत.

तर शब्द देते. त्या सासूबाईंपाशी ट्रंकेचा विषय मी पहिल्या दिवशी काढणार नाही. चहा घेईन, त्यांची तब्येत विचारीन, बीपी बघून देईन. नाही म्हणाल्या तर पुन्हा जाईन. परत नाही म्हणाल्या तर मला बरंच वाटेल.

तुमची,
कमल