पांढऱ्या अस्वलाची तयारी

२ नोव्हेंबर, रविवार
आजपासून रोजनिशी. कुणाला वाचायला द्यायची नाही. विमललासुद्धा नाही.

सकाळी सुयशचा व्हँकुव्हरहून फोन. म्हणाला, पुढच्या सप्टेंबरात आई-बाबा दोघंही या. मी स्पष्ट सांगितलं, नुसतं तुझ्या सोफ्यावर बसायला येणार नाही. तिथून वर उत्तरेला किनाऱ्यालगत जे जंगल आहे, जिथं रस्ता नाही, बोटीनं किंवा छोट्या विमानानं जावं लागतं, तिथं ने. तिथं पांढरं अस्वल आहे. म्हणजे जातीनं काळंच, पण एखादं पांढरं जन्मतं. पुऱ्या नोकरीत भूगोलाच्या तासाला 'समशीतोष्ण वर्षावन' हा शब्द फळ्यावर लिहिला. मुलांचा समज होता की पगारे सरांनी ते पाहिलंय. मुलांचे समज मोडणं शिक्षकाचं काम नाही.

विमल म्हणाली, मी पोराला बघायला येईन, अस्वलाला नाही. तिच्यात जिज्ञासा कमी.

५ नोव्हेंबर, बुधवार
संकल्प: रोज पहाटे कालव्याच्या कडेनं चालायचं. स्टॅमिना पाहिजे. उद्यापासून.

६ नोव्हेंबर
थंडी फार. अचानक सुरुवात केली तर स्नायू आखडतात.

११ नोव्हेंबर, मंगळवार
चाललो! विमलही आली, तिच्या गुडघ्याला बरं म्हणून. त्यामुळे वेग राखता आला नाही, नाहीतर पुलापर्यंत गेलो असतो.

कालव्याच्या चिखलात पायाचे ठसे दिसले. विमलला तिथंच ट्रॅकिंगचा पहिला धडा दिला. ठसा मोठा, गोल, चार बोटं, नखांची खूण नाही. निष्कर्ष: कुणाच्या तरी बंगल्यातलं मोठं, नखं कापलेलं कुत्रं. विमल म्हणाली, मांजराच्या पायाची नखं उमटत नाहीत. मी हसलो. एवढं मोठं मांजर नसतं.

परत येताना जाणवलं, कॉलनीत एकही कुत्रं भुंकत नाही. उसाची तोडणी सुरू झाल्यापासून अशीच शांतता आहे. निसर्गप्रेमींना हे वरदान.

१६ नोव्हेंबर, रविवार
विहाराच्या हॉलमध्ये कॉलनीची मीटिंग. कारण: मागच्या गल्लीतल्या कुसाबाईची शेळी गेली. दावं तुटलेलं, भिंतीवर रक्त. कुसाबाई म्हणाली, बिबट्या हाय, मी त्याची शेपटी पाह्यली. अध्यक्ष मोतीराम साळवे यांचं मत पडलं की वनखात्याकडे अर्ज करावा, पिंजरा लावून घ्यावा.

मग मला बोलावं लागलं. अफवा कशी पसरते, माणसाला शेपटी का दिसते, भटकी कुत्री टोळीनं शिकार कशी करतात, सगळं समजावलं. वन्यजीवांचा माझा अभ्यास चालू आहे हेही नम्रपणे सांगितलं. मोतीराम म्हणाले, सर म्हणतात तर थांबू. अर्ज रद्द. कुसाबाई माझ्याकडे बघत राहिली. पटलं असावं.



२३ नोव्हेंबर, रविवार
रेनकोटची चाचणी. त्या जंगलात पाऊस दिवसदिवस थांबत नाही. बाथरूममध्ये शॉवरखाली रेनकोट घालून निश्चल उभा राहिलो. वन्यजीव निरीक्षणात निश्चलता महत्त्वाची. शिंक आली. पाणी कॉलरमधून आत गेलं. रेनकोट सदोष.

साळव्यांचा कुत्रा वाघ्या कालपासून नाही. अंगणात साखळी पडलेली, पट्टा तसाच बकल लावलेला. मोतीरामना म्हणालो, मान बारीक झाली असेल, निसटला, खायला कमी घालत होता का? ते आत निघून गेले. लोकांना शास्त्रीय कारणं ऐकवत नाहीत.

२६ नोव्हेंबर
आज चालायला गेलो नाही. घसा. तसा शेजारच्या रिकाम्या प्लॉटमधून वास येतोय. काहीतरी मेलंय तिथं. महापालिकेला कळवायला हवं. गवत कमरेएवढं वाढलंय आणि वारा नसताना मध्येच हलतं. घुशी.

विमलनं तिकडची खिडकी बंद केली. मी उघडली. तिनं पुन्हा बंद केली.

३० नोव्हेंबर, रविवार
सरावाचा टप्पा दुसरा: अस्वल समोर आल्यास. व्हिडिओ पाहून नियम पाठ केलेत. पळायचं नाही. पाठ फिरवायची नाही. शांत, खालच्या आवाजात बोलत राहायचं. बरोबरच्यांनी एकमेकांना सोडायचं नाही, घोळका मोठा दिसला पाहिजे. हॉलमध्ये विमलला अस्वल केलं. तिचे हात कणकेचे होते, त्यामुळे पांढऱ्या अस्वलाचा थोडा आभास झाला. मी तिच्याशी शांतपणे बोललो. ती जांभई देऊन स्वयंपाकघरात गेली. अस्वलंही बहुधा अशीच जातात.

नंतर तिनं विचारलं, मी तुमच्या मागं असले तर? मी म्हणालो, मागच्यानं माझ्याकडे बघून वागायचं.

३ डिसेंबर
अंगणाच्या भिंतीच्या टोकावरचं प्लास्टर खरवडलंय. वर, माझ्या खांद्याच्या उंचीला. गवंड्याचं काम कच्चं.

७ डिसेंबर, रविवार
काल लिहिलं नाही. पेन सापडत नव्हतं.

८ डिसेंबर, सोमवार
परवाच्या घटनेची शास्त्रीय नोंद करून ठेवतो.

सहा डिसेंबर. निम्मी कॉलनी चैत्यभूमीला गेलेली, गल्ल्या ओस. विमलचा गुडघा दुखतो म्हणून आम्ही इथंच विहारात वंदना घेतली. परत निघालो तेव्हा दिवस मावळत होता. लाइट गेली होती. फाटक उघडून अंगणात आलो आणि विमलनं माझी बाही धरली. भिंतीवर बिबट्या बसला होता.

बसला होता म्हणजे मांजर बसतं तसाच. शेपटी खाली लोंबत होती. आमच्याकडे बघत होता. श्वास ऐकू येत होता, त्याचा की माझा हे निश्चित सांगता येत नाही.

मी प्रसंगावधान राखून घर सुरक्षित केलं. म्हणजे आत गेलो आणि कडी लावली. वरचीसुद्धा.

विमल त्या वेळी बाहेर होती.

याचा विपर्यास होऊ शकतो म्हणून लिहितो. माझा अंदाज होता की ती माझ्या मागोमाग आली आहे. तिचा गुडघा मी हिशेबात धरला नाही. बाही तिच्या हातात होती, तिला एक झटका बसला असेल, तो मुद्दाम दिलेला नव्हता.

दाराला कान लावून होतो. ती ओरडली नाही. दाराला टेकून, अगदी हळू म्हणाली, "अहो, दार उघडा." थोड्या वेळानं पुन्हा तेवढंच. आवाज शांत, खालचा. मग काहीतरी धपकन अंगणात उतरल्याचं ऐकू आलं. मी कडीवर हात ठेवला होता. हात ठेवला होता एवढं नक्की. पण अशा क्षणी दाराच्या आवाजानं जनावर बिथरतं, हे कुठंतरी वाचलं होतं.

तिसऱ्यांदा ती काही बोलली नाही.

मग ताटावर पळी बडवल्याचा आवाज आणि कुसाबाईच्या शिव्या. ती एकटी ताट बडवत फाटकातून आत आली होती. जनावर प्लॉटच्या गवतात गेलं. मी दार उघडलं तेव्हा कुसाबाई विमलला धरून बाहेर नेत होती. विमलनं वळून पाहिलं नाही. चप्पल एकच होती पायात. मी दुसरी उचलली. कुसाबाई म्हणाली, "सर, ऱ्हाऊ द्या. आत जा तुमी, भिती वाटंल."

रात्रभर विमल तिच्याकडेच राहिली. सकाळी आली, भाकरी केल्या.

९ डिसेंबर, मंगळवार
वनखात्याची माणसं आली. पिंजरा शेजारच्या प्लॉटमध्ये लावला. गवतात वाघ्याची कवटी, शेळीची शिंगं आणि बरंच काही सापडलं. अनेक दिवस त्याचा मुक्काम आमच्या भिंतीपलीकडे होता. त्यांच्या साहेबांनी आमच्या हॉलमध्ये बसून विचारलं, इतक्या दिवसांत अर्ज का केला नाही? मोतीराम पंख्याकडे बघत राहिले. सभ्य माणूस. पंखा बंद होता.

मी विमलकडे पाहिलं. ती साहेबांना चहा देत होती.

१२ डिसेंबर
पिंजरा रिकामाच. आतली कोंबडी जिवंत. ते जनावर परत येईल असं साहेब म्हणतात.

विमल बोलते. मीठ हवं का, गोळी घेतली का, एवढं. जेवताना पूर्वी समोर बसायची, आता ओट्याशी उभी राहून जेवते.

१४ डिसेंबर, रविवार
सुयशचा व्हिडिओ कॉल. त्याला कुणीतरी सगळं सांगितलेलं दिसतं, कारण माझ्याकडे बघून तो फक्त तब्येतीचं बोलला. बोटीच्या जागा लवकर भरतात, बुकिंग करायचं का, असं त्यानं आईला विचारलं. मी सांगणारच होतो की तिला जंगलाची आवड नाही. पण विमलनं फोन हातात घेतला.

म्हणाली, "कर. मला ते अस्वल बघायचंय. एकटीचंच कर."

सुयशनं विचारलं, बाबा?

"त्यांना इथंच राहू दे," ती म्हणाली. "घरी दार लावायला कुणीतरी पाहिजे."

रागानं नाही. भाजी संपली सांगावं तसं.

तिला तिथल्या हवामानाची कल्पना नाही. सप्टेंबरपर्यंत विचार बदलेल. दरम्यान मी एखादं जवळचं जंगल बघून ठेवतो, किंवा तलाव. तलावावर पक्षी असतात. पक्ष्यांचं निरीक्षण गाडीत बसून, काच लावूनही करता येतं.

संध्याकाळ. विमल कुसाबाईकडे गेली आहे. अंधार पडायला लागलाय. बाहेर पुन्हा कुठलंच कुत्रं भुंकत नाही.

दार वाजतंय. तीच असणार. दोनदा वाजलं. हाक मात्र मारत नाही.

एवढी ओळ पूर्ण करतो आणि उघडतो.