मोरखी ठेवून घेतलेली जीप

नारिन, रविवार

सुयुनदादा,

तुझ्या चौकीवर परदेशी गाड्या आल्या, जुन्या जीपा लष्कराच्या कोठारात गेल्या आणि बावीस वर्षं जीप चालवून तू घरी बसलास. आपल्या गावात, अत-बाशीत, तू सगळ्यांना सांगत फिरतोस म्हणे, "माझ्याशिवाय ती जागची हलायची नाही!"

खरंच हलत नव्हती. काल कोठाराचे मेजर एर्मेक ती ओढत माझ्या गॅरेजात घेऊन आले. गुरगुरतच म्हणाले, "कादिरकुल, हिचा एक भाग कोणीतरी काढलाय. चोर सापडू दे, त्याचं पेन्शनच बंद करतो!"

मी बॉनेट उघडलं. इंजिनाला ठिणगी पोचवणारा अंगठ्याएवढा तुकडा गायब होता. मला लगेच कळलं, दादा. घोडा विकला तरी त्याची मोरखी, म्हणजे तोंडाला बांधायची दोरी, आपल्याकडे ठेवायची, नाहीतर घरची बरकत त्याच्याबरोबर जाते, हे तूच मला शिकवलंस. पण सरकारी घोड्याची मोरखीही सरकारचीच असते रे, वेडोबा!

"चोर कसला साहेब? झिजून गळून पडला असेल," असं म्हणून मी माझ्याकडचा एक बसवला. किल्ली फिरवली, तर पहिल्याच झटक्याला सुरू झाली. मेजर खूश होऊन गेले.

हे पत्र मी टपालात टाकणार नाही. तुझं गावात जे चाललंय ते चालू दे. कोणी मला विचारलंच तर सांगेन, दिवसभर खपलो, पण पठ्ठी हलली नाही.

तुझा धाकटा,
कादिरकुल